मदत हवी आहे: गोळी चीजमध्ये लपवून दिली तर चालते का?

आमच्या चिंगीला (देशी कुत्री, वजन 14 किलो) गोचीड ताप झालाय. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) दिलंय, चांगलं 4 आठवडे. नुसती गोळी दिली की बाईसाहेब गालात धरून ठेवतात आणि सोफ्यामागे जाऊन थुंकतात. चीज क्यूबच्या तुकड्यात दाबली की मात्र गपकन गिळते.

लॅक्टोजचं मला फार टेन्शन नाही, चीजमध्ये ते दुधापेक्षा कमीच असतं आणि तिचं पोटही ठीक आहे. मीठ आणि फॅटची मात्र धास्ती वाटते. शेजारच्या लॅब्रॅडॉरला स्वादुपिंडाची सूज आली होती, काय हाल झाले बिचाऱ्याचे! लसूण-कांदा घातलेलं चीज आणि ब्लू चीज कुत्र्यांना अजिबात नको, हे माहीत आहे.

खरी अडचण वेगळीच. कॅल्शियममुळे हे औषध अंगी कमी लागतं म्हणतात. मग चीजमधून देऊन उपयोग काय? सासूबाई म्हणतात बिनमिठाचं पनीर दे, पण कॅल्शियम त्यातही आहेच, शिवाय त्याचा भुगा होतो. डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला गेलेत. तोवर उकडलेलं चिकन की रताळं? गोळी घशात अडकू नये म्हणून वरून पाणी कसं पाजता?