हॉट डेस्क, हिरवी भिंत आणि आमची डोकेदुखी

खराडीची_खारूताई
काल 'डिझाईनवेडा' यांनी इथे लिहिलंय की केबिनचे दिवस गेले, आता ओपन प्लॅन, हॉट डेस्क (म्हणजे कुणाचीच ठरलेली जागा नाही) आणि झाडं लावलेल्या हिरव्या भिंती, त्यामुळे माणसं मोकळी बोलतात, हवा शुद्ध राहते आणि ऑफिस 'घरासारखं' वाटतं. अहो साहेब, घरी खुर्ची मिळवायला मला आदल्या रात्री अ‍ॅपवर बुकिंग करावं लागत नाही! आमच्याकडे नऊला पोचलं तर ठीक, साडेनऊला आलात की बसा प्रिंटरशेजारी. आणि मोकळं बोलणं म्हणाल तर २०१८ मध्ये हार्वर्डच्या बर्नस्टाईन आणि टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत लोकांच्या गळ्यात सेन्सर अडकवून मोजलं होतं, भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं ७० टक्क्यांच्या आसपास घटलं आणि ईमेल वाढले. सगळे हेडफोन लावून बसतात, बोलणार कोण? शुद्ध हवेचं तर विचारूच नका. झाडं हवा शुद्ध करतात म्हणून ज्याचा दाखला देतात, तो १९८९ चा नासाचा प्रयोग बंद डब्यातला होता. २०१९ ला असले जुने प्रयोग परत तपासले तेव्हा कळलं की साध्या व्हेंटिलेशनची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील, जास्तीत जास्त १०००! आमच्या भिंतीवरची तर प्लास्टिकची आहेत, त्यांच्यावरची धूळ मात्र अस्सल.

डिझाईनवेडा
ताई, राग कळला. पण आधीचं क्युबिकल, म्हणजे टेबलाभोवती अर्ध्या भिंतींचा कप्पा, स्वर्ग होता का? ते ज्याने काढलं तो हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचा रॉबर्ट प्रोप्स्ट, साठच्या दशकात माणसाला हलायला-फिरायला जागा मिळावी म्हणून त्याने ते केलं, कंपन्यांनी दाबून दाबून त्याचे खुराडे केले आणि शेवटी तोच वैतागला. तेव्हा दोष डिझाईनचा नाही, स्क्वेअर फुटाचं भाडं मोजणाऱ्यांचा. अर्धे लोक घरून काम करणार आणि प्रत्येकाला स्वतःचं टेबल पण हवं, हे कसं जमायचं?

प्लायवाला
मी ऑफिस इंटिरियरची कामं घेतो म्हणून बोलतो. सध्या प्रत्येक क्लायंटला फॉल्स सीलिंग नको, वरचे एसीचे डक्ट काळे रंगवून उघडे ठेवा, 'इंडस्ट्रियल लुक'. भोवती काच, खाली काँक्रीट, मग आवाज घुमणारच! सहा महिन्यांनी तेच लोक फोन करतात, आवाज शोषणारे अकौस्टिक पॅनेल लावून द्या. आम्हाला काय, दोनदा बिल. आणि उंची वाढली की एसीवर लोड वाढतो, हे कुणी आधी ऐकून घेत नाही.

शालवाली
एसीचं नाव काढलंत बरं झालं!! बाकी सगळं सोडा. आमच्या फ्लोअरवर मे महिन्यात बायका शाल घेऊन बसतात. रिमोट नाही, बटण नाही, सगळं सेंट्रल, अ‍ॅडमिनला सांगितलं की 'बिल्डिंगवाले बघतील'. ही ऑफिसच्या तापमानाची गणितं साठच्या दशकात ७० किलोच्या चाळिशीतल्या पुरुषावर बेतलेली आहेत, २०१५ ला त्यावर पेपर आलाय, शोधा.

बायपास_बाईकर
आलं का बायका-पुरुष! आम्ही हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून हेल्मेट घालून घामाने भिजून येतो, २४ वर ठेवलं तर दुपारपर्यंत शर्ट वाळत नाही. तुम्ही शाल घालू शकता, आम्ही काय काढायचं?

शालवाली
लिफ्टमधून वर येऊन दहा मिनिटं पंख्याखाली उभं राहायचं! तुमचा घाम वाळेपर्यंत आम्ही दिवसभर गारठायचं का? बीईईने (वीज बचत बघणारी सरकारी संस्था) २०१८ मध्येच २४ चा सल्ला दिलाय, एक डिग्री वाढवली की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते.

बायपास_बाईकर
पंखा आहे कुठे? इंडस्ट्रियल लुकमध्ये पंखा बसत नाही म्हणे, डिझाईनवेडा साहेबांना विचारा.

डिझाईनवेडा
मला कशाला ओढताय? पंखा लावायला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. माझ्या शेवटच्या प्रोजेक्टमध्ये क्लायंटने पंख्यांचं बजेट कापून निऑनमध्ये 'हसल' (इंग्रजी, म्हणजे राबत राहा) लिहून घेतलं.

खराडीची_खारूताई
हाहा, हे मात्र शंभर टक्के खरं असणार, एवढ्यापुरते तुम्ही बरोबर. पण हॉट डेस्कचं उत्तर अजून आलं नाही. नव्वदच्या दशकात लॉस एंजेलिसच्या शायट-डे या जाहिरात कंपनीने हाच प्रकार केला, लोक फायली गाडीच्या डिकीत ठेवायला लागले, काही वर्षांत गुंडाळावं लागलं. आमच्याकडे तर डिकीही नाही, अ‍ॅक्टिव्हाची सीट आहे, तिच्यात रेनकोट आहे.

डिझाईनवेडा
लॉकर मागा ना मग. प्रत्येकाला एक लॉकर आणि टीमप्रमाणे ठरलेले झोन, मी नेहमी हेच सुचवतो. शांत बसायला वेगळी खोलीपण.

प्लायवाला
ती शांत खोली तीन महिन्यांत एच आरची मीटिंग रूम होते, मीच बोर्ड बदलून दिलाय.

शालवाली
आणि त्या खोलीतला एसी १८ वर असतो.

बायपास_बाईकर
पत्ता द्या, मी तिकडे बसतो.