फोटोत न मावलेलं: जगावेगळ्या जागांचे तुमचे अनुभव

एखाद्या जागेचे फोटो शंभरदा पाहिलेले असतात. शेवटी तिथे जाऊन उभं राहिलं की पहिल्या पाच मिनिटांतच कळतं, फोटो काढणाऱ्याने बरंच काही लपवलं होतं. वास, थंडी, चढ, आवाज, नुसती वाट बघणं.

इथे नेमकं तेच लिहूया. निसर्गाने केलेली असो की माणसाने, जागा नेहमीच्या यादीतली नको, एवढीच अट (आयफेल टॉवरवर आधीच पुष्कळ लिहून झालंय). स्वतः पाहिलेली असावी. ती तशी का आहे हे ठाऊक असेल तर तेही सांगा. सुरुवात मीच करते.

बोलिव्हियातलं सालार दे उयुनी. प्राचीन सरोवरं आटून मागे राहिलेलं मिठाचं मैदान, 10,000 चौरस किलोमीटरहून मोठं, समुद्रसपाटीपासून साधारण 3,650 मीटरवर. पावसाळ्यात, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, त्यावर बोटभर पाणी साचतं आणि आकाश खाली उतरतं. मी फेब्रुवारीत गेले ती त्या आरशासाठीच. तो मिळालाही. पण टोपी, गॉगल, कपाळाला क्रीम असा माझा सगळा बंदोबस्त वरच्या उन्हाचा होता. मीठ आणि पाणी तेच ऊन खालून परत फेकतं, हे डोक्यातच आलं नाही. रात्री हनुवटीखाली आणि चक्क नाकपुड्यांच्या आत आग आग. तिथे जाणाऱ्यांनी हसू नये, नाकाला खालून क्रीम लावावं.

दुसरं म्हणजे अंतराचा अंदाजच येत नाही. लांबवर एक जीप दिसली. दहा मिनिटांत पोचेल म्हटलं, तर अर्धा तास झाला तरी ती तेवढीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत मैदानाच्या उंचीत मीटरभराचाही फरक नाही. उपग्रहांवरची उंची मोजणारी यंत्रं नीट मोजताहेत ना, हे तपासायला शास्त्रज्ञ याच जागेचा उपयोग करतात. कोरड्या महिन्यांत मिठाला भेगा पडून षटकोनी फरशी घातल्यासारखं दिसतं म्हणे. ते माझं राहिलं.

* * *

आमचं उलटं झालं. आम्ही गेलो त्या जागेचा एकही फोटो आमच्याकडे नाही, कारण काढूच देत नाहीत.

न्यूझीलंडमधल्या वाइटोमोच्या गुहा. होडीत बसवताना सांगितलं, बोलायचं नाही, कॅमेरे बंद. वल्हं नाही, इंजिन नाही. वाटाड्या डोक्यावरचा दोर हातांनी ओढत होडी पुढे नेतो. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार, कुठेतरी पाणी ठिबकतंय, आणि मग वळणावर छतभर निळसर-हिरवे ठिपके. हजारो. आई माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "अरे, पण हे लुकलुकत नाहीत." खरंच की! चांदण्या लुकलुकतात, हे नुसते तेवत होते. त्या क्षणापासून ते मला चांदण्यांसारखे दिसेनात, आणि तरी नजर काढवेना.

त्या एका माशीच्या अळ्या आहेत. प्रत्येकीने छतावरून चिकट थेंबांचे दोरे खाली सोडलेले असतात. उजेडाकडे झेपावणारा किडा त्यात अडकला की अळी दोरा वर ओढून घेते. उपाशी अळी जास्त प्रखर चमकते. आणि हा उजेड शरीरातली घाण बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या टोकांत तयार होतो! नऊएक महिने असं काढल्यावर तिची माशी होते. या माशीला खाण्याजोगं तोंडच नसतं. अंडी घालायची आणि दोनचार दिवसांत मरायचं.

आई त्यानंतर बराच वेळ गप्प होती. संध्याकाळी एकदम म्हणाली, "म्हणजे सगळ्यात सुंदर दिसत होती ती सगळ्यात उपाशी?"

* * *

माझं आयुष्य पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यात गेलं, त्यामुळे मी माणसाने केलेल्या गोष्टीबद्दल लिहितो.

स्कॉटलंडमध्ये फॉल्कर्क व्हील नावाचं एक चाक आहे. ते बोटी उचलतं. तिथे दोन जुने कालवे जवळजवळ येतात, पण त्यांच्या पातळीत 35 मीटरचा फरक. पूर्वी मध्ये 11 लॉक होते. एकात बोट घ्यायची, दारं लावायची, पाणी भरायचं, बोट वर आली की पुढच्यात. असं अकरा वेळा, म्हणजे जवळपास दिवस गेला. 1930च्या दशकात ते लॉक बुजवले आणि कालव्यांचा संबंध तुटला. तो 2002 साली या चाकाने पुन्हा जोडला. चाक बोटीला 24 मीटर उचलतं, उरलेली उंची वरचे दोन लॉक भरून काढतात.

चाकाला दोन हात, प्रत्येक हातात पाण्याने भरलेला एक हौद. हौदात मावणारं पाणी सुमारे 250 टन. आता गंमत पाहा. बोट हौदात शिरताना आपल्या वजनाइतकंच पाणी बाहेर ढकलते. म्हणजे एका हौदात बोटी आहेत आणि दुसऱ्यात एकही नाही, तरी दोन्हींचं वजन सारखंच! तराजू कायम समतोल. मोटरने फक्त घर्षणाशी आणि वाऱ्याशी झगडायचं. अर्ध्या फेरीला लागणारी वीज दीड युनिट. मी तिथल्या माणसाला दोनदा विचारून खात्री करून घेतली. हौद उलटे होऊ नयेत म्हणून एका बाजूला दातेरी चाकांची रांग आहे. हात जितका फिरेल तितकाच हौद उलटा फिरतो आणि पाणी सपाट राहतं.

पाहण्यासारखं काय, असं विचाराल तर जवळजवळ काहीच नाही. ना धक्का, ना खडखडाट. बोटीत माझ्याशेजारी नात बसली होती. तिने विचारलं, "आजोबा, हे सुरू कधी होणार?" म्हटलं, "अगं, खिडकीतून खाली बघ. निम्मं आलो आपण."

इतका कौतुकाचा शेरा कुठल्या यंत्राला मिळाल्याचं मला आठवत नाही.

* * *

आजोबा, मस्तच. एक बाळबोध शंका: एका हौदात पाणी थोडं जास्त झालं तर?

* * *

शंका बाळबोध नाही, तीच तर मेख आहे. दोन्ही हौदांतली पाण्याची पातळी जुळवून मगच चाक सोडतात. पातळी चुकली की आर्किमिडीजही मदतीला येत नाही.

* * *

यंत्रांचा विषय निघालाच आहे तर नेदरलँड्समधलं माएस्लांटकेरिंग. रॉटरडॅमच्या बंदराकडे जाणाऱ्या 360 मीटर रुंद जलमार्गाला दोन पोलादी दारं, प्रत्येक 210 मीटर लांब, 22 मीटर उंच. 1997 पासून ती दोन्ही काठांवर उघडी पडून आहेत. समुद्राचं पाणी ठरावीक पातळीच्या 3 मीटर वर जाणार असं दिसलं की मिटायची. निर्णय माणूस घेत नाही, संगणक घेतो. वादळासाठी ती मिटल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके, त्यातले दोन 2007 आणि डिसेंबर 2023 मधले. दर सप्टेंबरात चाचणी म्हणून बंद करतात तेव्हा लोक बघायला गर्दी करतात. आम्ही एप्रिलमध्ये गेलो. दोन तास दोन प्रचंड दारांच्या काहीही न करण्याकडे बघत बसलो. मुलगा वैतागला. मला मात्र त्या बिजागराच्या जागचा 10 मीटर व्यासाचा गोळा बघूनच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

* * *

वास! सुरुवातीला वासाचा उल्लेख आहे म्हणून लिहितेय.

इंडोनेशियात जावा बेटाच्या पूर्व टोकाला इजेन ज्वालामुखी आहे. रात्री दोनच्या सुमाराला चढायला लागायचं, कारण निळी आग अंधारातच दिसते. इंटरनेटवर तिला बिनधास्त 'निळा लाव्हा' म्हणतात. लाव्हाबिव्हा काही नाही. भेगांतून तापलेला गंधकाचा वायू दाबाने बाहेर येतो, हवा लागताच पेट घेतो आणि निळ्या ज्योतीने जळतो. कुठेकुठे वितळलेलं गंधकही जळत उतारावरून ओघळतं, ते लाव्ह्यासारखं दिसतं.

ती आग मी पाहिली. सलग पंधरा सेकंद असेल फार तर. वारा फिरला आणि धूर आमच्यावर आला. मास्क होता, तरी डोळे आणि घसा चोळून कोणी तिखट भरावं तसं झालं. खोकत खोकत खाली बसले, तेवढ्यात बाजूने एक माणूस गेला. खांद्यावर कावड, दोन्ही टोपल्यांत पिवळ्या गंधकाच्या लाद्या, 70 किलोच्या आसपास ओझं, आणि तोंडाला बांधलेलं फक्त एक फडकं. विवराच्या तळाशी नळ घालून वायू त्यातून नेतात. तो निवला की लालसर द्रव ठिबकतो, तो थिजला की पिवळा होतो. तो फोडायचा आणि विवराच्या उभ्या चढावरून खांद्यावर वर आणायचा. मी त्याला वाट द्यायला सरकले तर तोच मला "हळू, हळू" अशी खूण करून गेला.

उजाडल्यावर खालचं तळं दिसलं, पाचूसारखं. ते आम्लाचं आहे. कपड्यांचा वास तीन धुण्यांनंतरही गेला नाही. बॅग शेवटी टाकून दिली.

* * *

उत्तर नॉर्वेत ध्रुवीय प्रकाश पाहिला. खरं सांगू? पहिला अर्धा तास मला तो ढग वाटला. करडा, पातळ, फिका. शेजारच्याच्या फोनवर मात्र हिरवागार! मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, कॅमेऱ्याला मात्र काही सेकंद उजेड साठवता येतो. पुढे दोन-तीन मिनिटं तो इतका जोरात आला की डोळ्यांनाही हिरवा दिसला आणि पडद्यासारखा हलायला लागला. पण ज्यांच्या नशिबी नुसता करडा ढग येतो त्यांनी आपली फसवणूक झाली असं समजू नये. ते खरोखरच पाहिलंत तुम्ही.

* * *

मला बंद जागेची भीती वाटते, आणि मी तुर्कस्तानातल्या देरिनकुयुला गेले. नवऱ्याने "नुसतं तळघर आहे" असं सांगून नेलं. तळघर! सुमारे 85 मीटर खोल गेलेलं, मजल्यांवर मजले असलेलं अख्खं गाव आहे ते. तबेले, कोठारं, प्रार्थनेची जागा, विहीर. वर हल्ला झाला की 20,000 माणसं गुराढोरांसकट खाली राहू शकत, असा अंदाज आहे. 1963 मध्ये कोणीतरी घराची डागडुजी करताना भिंत पाडली आणि पलीकडे खोली निघाली, तेव्हा ते पुन्हा उजेडात आलं. ज्वालामुखीच्या राखेचा दगड, कोरायला मऊ.

जिने इतके बुटके की कमरेत वाकूनच उतरायचं, आणि समोरून कोणी आलं तर एकाला मागे जावं लागतं. तिसऱ्या मजल्यावर माझा धीर सुटला. भिंतीला टेकून उभी राहिले, तर बाजूच्या खोबणीत जात्यासारखा भला मोठा गोल दगड. तेच दार. आतून ढकलून गडगडत लावायचं, बाहेरून सरकतच नाही. मधोमध भोक. त्यातून पलीकडचं बघायचं किंवा भाला घालायचा. त्या दगडाने मला का कोण जाणे शांत केलं. इथे माणूस अडकत नव्हता, तो स्वतःला कोंडून घेत होता. आणि हवाही चक्क गार, खेळती होती. हवेच्या उभ्या झरोक्याला हात लावला तर झुळूक लागली. तरी चौथ्या मजल्यावर गेले नाही. नवरा एकटा जाऊन आला आणि डोक्याला टेंगूळ घेऊन आला. देव आहे.

* * *

मेक्सिकोच्या मिचोआकानमधल्या डोंगरात मोनार्क फुलपाखरं हिवाळा काढतात. साधारण 3,000 मीटर उंचीवरचं सूचिपर्णी जंगल. ढग होते तेव्हा फांद्यांवर वाळक्या पानांचे घोस लटकलेत असंच वाटलं. मी तर "फुलपाखरं कुठायत?" असं विचारलंसुद्धा. मग ऊन आलं. घोस उघडले, केशरी झाले आणि सुटले. आणि आवाज आला! फुलपाखराला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. पानांवर भुरभुर पाऊस पडावा तसा, लाखो पंखांचा.

कॅनडा आणि अमेरिकेतून काही हजार किलोमीटर उडून ती येतात. वसंतात इथून निघालेली परत येत नाहीत, वाटेतच अंडी घालून मरतात. शरदात येतात ती त्यांची पतवंडं, हे जंगल कधीच न पाहिलेली. उन्हाळ्यातली पिढी काही आठवडे जगते, ही प्रवासी पिढी मात्र आठ महिन्यांपर्यंत. बाहेरच्या शास्त्रज्ञांना ही जागा 1975 च्या जानेवारीत कळली. आसपासच्या गावांना ती कळायला शास्त्रज्ञांची गरज नव्हती, हे सांगायला नकोच.

* * *

सगळ्यांनी काहीतरी पाहिलंय. मी न पाहिलेलं लिहितो.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत रेसट्रॅक नावाचं सुकलेलं तळं आहे. सपाट, भेगाळलेली माती, आणि तिच्यावर धोंडे. प्रत्येकामागे घसटल्याची लांबलचक वाट, काही सरळ, काही वळलेल्या. धोंडे हलतात हे नक्की, पण हलताना कोणी पाहिलेले नव्हते. काही संशोधकांनी धोंड्यांत जीपीएस बसवलं आणि डिसेंबर 2013 मध्ये ते डोळ्यांदेखत सरकले. हिवाळ्यात कधीतरी तिथे उथळ पाणी साचतं, रात्री त्यावर खिडकीच्या काचेएवढा पातळ बर्फ धरतो, सकाळी तो फुटतो, आणि हलक्या वाऱ्याने वाहणारे त्याचे मोठे पापुद्रे धोंड्यांना ओल्या चिखलावरून रेटत नेतात. मिनिटाला काही मीटर, बस.

तिथे पोचायचा रस्ता खडबडीत, वाटेत आमचा एक टायर गेला. पोचलो तेव्हा भर दुपार, वारा नाही, आवाज नाही. एका धोंड्यासमोर तासभर बसलो. तो अर्थातच जागचा हलला नाही. उठताना त्याच्या वाटेला समांतर बुटांचे ठसे दिसले, खोल, कडक वाळलेले. कोणीतरी ओल्या मातीत चालायचं नाही ही सूचना न जुमानता धोंड्यापर्यंत गेलं होतं. परतीचे ठसे मात्र मला सापडले नाहीत. बायको म्हणाली, "तोच असेल हा."