मदत हवी आहे: घरून काम करण्यासाठी कोणती खुर्ची घ्यावी?

शब्दसखी
नमस्कार. मी घरी बसून भाषांतराचे काम करते आणि दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर जातात. अलीकडे संध्याकाळपर्यंत मान आणि उजवा खांदा इतका अवघडतो की वरच्या फळीवरचा डबा काढणेही नकोसे होते, म्हणून चांगली खुर्ची घ्यायचे ठरवले आहे. खर्चाची मर्यादा १५,००० रुपये. टेबलावर तारांचा गुंता आणि शब्दकोशांचा ढीग आहे, तोही आवरायचा आहे. सोमवारपासून मोठे काम सुरू होत असल्याने शनिवारपर्यंत खुर्ची घरी यायला हवी. कृपया नेमके नाव सुचवावे.

मोजपट्टी
नाव सुचवण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. तुमची उंची किती आहे? टेबल जमिनीपासून किती उंच आहे? लॅपटॉपचाच कळफलक वापरता की वेगळा? खिडकी कोणत्या बाजूला आहे? या माहितीशिवाय महागडी खुर्ची घेतली तरी खांदा दुखायचा थांबेलच असे नाही.

घाटमाथा
माझ्या मते खुर्चीच नको. आपल्याकडे पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गादीवर बसून, समोर उतरत्या झाकणाचे बैठे डेस्क ठेवून हिशेब लिहिले. मी स्वतः तसाच बसतो आणि पाठ उत्तम आहे. १५,००० रुपये वाचतील.

रंधा
घाटमाथा, पेढीवरचा माणूस गिऱ्हाइकासाठी उठत होता, वही खाली पाहून लिहीत होता आणि दोन्ही हातांनी दिवसभर टंकत नव्हता. ज्यांना लहानपणापासून मांडी घालून बसायची सवय आहे त्यांनी जरूर बसावे, पण दुखऱ्या खांद्यावर हा उपाय सांगणे मला योग्य वाटत नाही.

शब्दसखी
मांडी घालून फार वेळ बसणे मला जमत नाही. उंची ५ फूट १ इंच. टेबल म्हणजे जुने जेवणाचे टेबल आहे. आत्ता मोजले, ते ३० इंच भरले. कळफलक लॅपटॉपचाच. पश्चिमेची खिडकी पाठीमागे येते. आता तरी खुर्ची सांगा.

मोजपट्टी
दुखण्याचे मुख्य कारण याच आकड्यांत दिसते. तुमच्या उंचीच्या व्यक्तीचे पाय जमिनीवर सपाट टेकायचे तर बैठक साधारण १५-१६ इंचांवर हवी. बसल्यावर कोपर बैठकीपासून साधारण ९ इंच वर येते, म्हणजे हात नैसर्गिकपणे २४-२५ इंचांवर असतात. टेबल मात्र ३० इंचांवर आहे. ही पाच-सहा इंचांची तफावत तुम्ही दिवसभर खांदे उचलून भरून काढता. म्हणून आधी टेबल, मग खुर्ची.

रंधा
यावर सोपा उपाय आहे. सुताराला बोलावून टेबलाचे पाय पाच इंच कापून घ्या. लाकडी टेबल असेल तर तासाभराचे काम आहे. चारही पायांवर आधी एका पातळीत खूण करून घ्यावी आणि कापल्यावर खाली रबरी बूच लावावेत, म्हणजे टेबल डुगडुगणार नाही.

शब्दसखी
ते शक्य नाही. टेबल घरमालकांचे आहे. आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो. शिवाय रात्री त्याच टेबलावर माझे यजमान त्यांच्या कार्यालयाचे काम करतात आणि त्यांची उंची ५ फूट ९ इंच आहे.

रंधा
हे आधी सांगितले असते तर करवतीचा विषय मी काढलाच नसता. माझा सल्ला मागे घेतो.

मोजपट्टी
मग टेबल तसेच राहू द्या आणि दोघांसाठी वर-खाली होणारी खुर्ची घ्या. अशा बहुतेक खुर्च्या साधारण १७ ते २१ इंचांपर्यंत सरकतात. तुम्ही २१ इंचांवर बसलात की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. मात्र पाय लोंबकळतील, म्हणून खाली पाच-साडेपाच इंचांचा भक्कम पाट किंवा पायटेकू हवाच. तो नसेल तर मांडीखालचा भाग दाबला जाऊन पायाला मुंग्या येतात. यजमान बसतील तेव्हा पाट बाजूला सरकवायचा आणि खुर्ची खाली घ्यायची. लॅपटॉप स्टँडवर उचला, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल, आणि कळफलक व माउस वेगळे घ्या.

आडवाट
कोणी विजेबद्दल बोललेच नाही. पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो आणि काम अडते. १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस घेऊन ठेवा; मी घेतल्यापासून निश्चिंत आहे.

घाटमाथा
आडवाट, त्यांनी विजेचे विचारलेले नाही.

मंद्रसप्तक
मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. मोजपट्टी यांचे मोजमाप बरोबर आहे, पण लॅपटॉप उचलण्याआधी एक विचारते: शब्दसखी, तुम्ही चष्मा लावता का, आणि तो कोणता?

शब्दसखी
हो, प्रोग्रेसिव्ह. चाळिशीनंतर लागला. त्याचा खुर्चीशी काय संबंध?

मंद्रसप्तक
खुर्चीशी नाही, मानेशी फार जवळचा संबंध आहे. या चष्म्यात जवळचे वाचायचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो. पडदा डोळ्यांच्या रेषेत आणला की त्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते आणि मान मागे मोडते. त्यामुळे सर्वांना दिला जाणारा सल्ला तुमच्यासाठी तसाच लागू करू नये. लॅपटॉप थोडाच उचला, पडदा हातभर अंतरावर ठेवा, किंचित मागे कलता करा आणि हनुवटी न उचलता मधली ओळ वाचता येते का ते पाहा. नेत्रतज्ज्ञांना पडद्याचे अंतर मोजून सांगितले तर ते केवळ त्या अंतरासाठी वेगळा चष्मा बनवून देतात. तुमच्यासारख्या दिवसभर वाचणाऱ्या व्यक्तीला त्याचा फार उपयोग होतो. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा जाणवत असेल तर मात्र इथे विचारत न बसता डॉक्टरांना दाखवा.

मोजपट्टी
ही बाब माझ्या ध्यानात आली नव्हती. आभारी आहे.

उंबरठा
आपण पूर्वेकडे तोंड करून बसता असे दिसते. वास्तुशास्त्राप्रमाणे ते उत्तम आहे, ते बदलू नये.

रंधा
पश्चिमेची खिडकी पाठीशी असली की दुपारनंतर सगळा उजेड पडद्यावर चमकतो, आणि तो चुकवायला माणूस नकळत वाकडा बसतो. खिडकी बाजूला हवी. उत्तरेकडे तोंड केले तर उजेड डावीकडून येईल, आणि वास्तुशास्त्रात उत्तर दिशाही चालते. शब्दसखीताई, उत्तरेची भिंत मोकळी आहे का?

शब्दसखी
मोकळी आहे, आणि विजेचा बोर्डही तिथेच आहे. सध्या तिथून लांब वायर ओढून टेबलापर्यंत आणली आहे.

रंधा
मग तारांचा निम्मा गुंता टेबल हलवल्यानेच सुटेल. भाड्याच्या घरात भोके पाडू नका; टेबलाच्या मागच्या कडेला शिकंज्याने अडकवायची जाळी मिळते, तिच्यात स्पाइकगार्ड आणि चार्जर ठेवा. रोज लागणारे दोनच शब्दकोश टेबलावर ठेवून बाकीचे हात पोहोचेल अशा बुटक्या रॅकवर न्या. खुर्ची घेताना हातही वर-खाली होणारे घ्या, कारण २१ इंचांवर नेलेल्या खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला आपटतात. आणखी एक: जेवणाच्या टेबलाला फळीखाली आडवी पट्टी असते. ती जमिनीपासून किती उंचीवर आहे?

शब्दसखी
पट्टीची खालची कड २७ इंचांवर आहे.

मोजपट्टी
म्हणजे बैठक २१ इंचांवर असताना मांड्यांसाठी ६ इंच उरतात. जमेल, पण फळीखाली कळफलकाचा सरकता ट्रे मुळीच लावू नका. दुकानात टेप घेऊन जा आणि तुम्ही स्वतः बसलेल्या अवस्थेत, गादी दबल्यावर, खुर्ची किती वर जाते ते मोजा. २० इंचांच्या आत थांबत असेल तर ती घेऊ नका, मग नाव कोणतेही असो.

शब्दसखी
ठीक आहे. आज टेबल हलवते, वेगळा कळफलक मागवते आणि शनिवारी यजमानांना सोबत घेऊन दुकानात जाते. पाट घरात आहेच, आत्ता मोजते.