खोक्यावरचं विमान आणि खोक्यातलं विमान : किटच्या किमतींबद्दल तुमचे अनुभव

रत्नागिरी (धागा काढणारा)

गेल्या आठवड्यात एका परदेशी कंपनीच्या सी हॅरियर या लढाऊ विमानाच्या प्लास्टिक किटची (भाग जोडून करायचं मॉडेल, प्रमाण १/४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं) आगाऊ नोंदणी केली आणि तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. जाहिरातीत काय नाही? साचे सगळे नवे, कॉकपिटमधली बटणंसुद्धा उठावदार, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) आपल्या नौदलाच्या 'व्हाइट टायगर्स' तुकडीचे. पण दाखवलेली चित्रं झाडून सगळी संगणकावरची, प्रत्यक्ष प्लास्टिकचा एकही फोटो नाही. किंमत इथे लिहीत नाही, घरात वाचतील. तेवढ्या पैशांत मिरकरवाड्यावरून पुढचे सहा महिने सुरमई आली असती.

हे विमान १/७२ मध्ये साधारण २० सेंटिमीटर भरतं, १/४८ मध्ये ३०. लांबी दीडपट, किंमत मात्र मला चौपट पडली. तेव्हा मंडळी, जाहिरातीला भुलून काय घेतलंत, पैसे कुठे वसूल झाले, हात कुठे पोळले, सगळं लिहा. कंपनीची बाजू घ्यायलाही बंदी नाही. नुसते डबे साठवणाऱ्यांनाही आमंत्रण आहे.

देवगड

आम्हा बागायतदारांना हे नवीन नाही. पेटीवर 'देवगड हापूस', वरचा थर अस्सल, गवत बाजूला केलं की खाली कर्नाटक. २०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी स्टिकर छापणारे छापतायतच.

माझं पहिलं १/७२ किट असंच निघालं. खोक्यावर ढगांतून सूर मारणारं विमान, कोपऱ्यात 'नवीन' असा लाल शिक्का. आत बघतो तर पॅनल लाइनी (पत्र्यांच्या जोडांच्या रेषा) खोदलेल्या नाहीत, वर आलेल्या. रिव्हेट एवढे जाडे की खऱ्या विमानावर लिंबाएवढे झाले असते. पंखाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात साल होतं, त्या वर्षी माझं बारसं झालं होतं! नवीन काय, तर डिकलचा कागद.

आता खरेदीआधी स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटची कुळी बघतो. साचा मूळ कोणाचा, कुठल्या सालचा, मधे कोणाकोणाच्या खोक्यात नांदून आला, सगळं निघतं. सोयरीक जमवताना करतात तशी चौकशी. जुना साचा वाईटच असतो असं मी म्हणत नाही. जुन्याचा भाव लावा, जुना म्हणून विका, एवढंच.

खेड

देवगडकरांचा राग पटतो, पण दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. मी लोट्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. आम्ही बादल्यांची झाकणं, पंपाची कव्हरं असल्या मालाचे साचे काढतो, विमानं नाहीत, पण पोलाद तेच आणि मशीनही तेच.

किटमधल्या प्लास्टिकची किंमत धरूच नका. पॉलिस्टायरीनचे दाणे आहेत ते. पैसा जातो ड्रॉइंगमध्ये, पोलाद कोरण्यात, ईडीएम मशीनवर विजेच्या ठिणगीने एकेक पॅनल लाइन काढण्यात, आणि मग ट्रायलमध्ये. पहिल्या ट्रायलला काहीतरी चुकतंच. कुठे जाड भागावर खळगा पडतो, कुठे टोकापर्यंत माल पोचत नाही. साच्याचे दोन भाग घट्ट मिटले नाहीत की कडेला पापुद्रा येतो, त्याला तुम्ही फ्लॅश म्हणता. साचा झिजला की तो वाढत जातो.

आता गंमत बघा. झाकणाचा साचा रात्रंदिवस चालतो आणि स्वतःचे पैसे लवकर सोडवतो. सी हॅरियर जगात घेणार कोण? तुमच्यासारखे मोजके. मग कंपनी त्याच साच्यातून आज ब्रिटिश विमान काढते, उद्या भारतीय, परवा 'मर्यादित आवृत्ती'. माझ्या लेखी ही फसवणूक नाही, साचा सोडवण्याचा हिशेब आहे. चेकियाची किट कंपनी एडुआर्ड हे उघडपणे करते. प्लास्टिक तेच, प्रोफीपॅकमध्ये पितळेचे कोरीव पत्रे आणि मास्क (रंगवताना काचा झाकायच्या चिकटपट्ट्या) मिळतात, वीकेंड आवृत्ती त्यांच्याशिवाय, म्हणून स्वस्त. ज्याने त्याने खिसा बघून घ्यावं. २०१४ मध्ये त्यांचं १/४८ मेसरश्मिट १०९ जी-६ आलं आणि लोकांनी कॅलिपर लावून दाखवून दिलं की ते मापापेक्षा मोठं आहे. २०१६ ला त्यांनी नव्याने साचे काढून ते परत आणलं. तयार साचा बाजूला ठेवून दुसरा काढणं म्हणजे काय असतं, ते आमच्या मालकांच्या तोंडावर बघायला मिळतं.

गुहागर

छंद आमच्या ह्यांचा. माळ्यावर डबे ६३, पूर्ण झालेली विमानं ४. कुरिअर आलं की "पंपाचा पार्ट आलाय" म्हणतात. आमच्याकडे पंप नाही, रहाट आहे. किंमत मी विचारत नाही, ते सांगत नाहीत.

अलिबाग

वडील बोटीवर होते. दोन वर्षांनी घरी यायचे तेव्हा ट्रंकेत साबण, नायलॉनची साडी आणि माझ्यासाठी एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या किटची पिशवी. हो, पिशवीच. खोकं नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीवर घडी घातलेला कागद टाचलेला, त्यावर चित्र, घडी उलगडली की आतल्या बाजूला जोडणीची आकृती. याच कंपनीने १९५३ साली पहिली स्पिटफायर वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगला विकली, हे मला फार उशिरा कळलं. पोराच्या खाऊच्या पैशांत बसेल असा तो भाव होता.

आता ते पोर गिऱ्हाईक राहिलं नाही. किट घेणारा माझ्यासारखा, मोतीबिंदू काढलेला, हातात फंडाचे पैसे असलेला. जाहिरात त्याच्या लहानपणाला हाक मारते आणि किंमत त्याच्या आजच्या पासबुकाकडे बघून लावली जाते. मला कळतं हे सगळं. तरी एअरफिक्सचा चित्रकार रॉय क्रॉस याने रंगवलेलं जुनं चित्र खोक्यावर दिसलं की हात पुढे जातो.

एक मात्र खुपतं. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या एका ब्रिटिश किटच्या खोक्यावर 'मेड इन इंडिया' होतं. म्हणजे माल आपल्याकडे ओतला, बोटीने विलायतेला गेला आणि तिथून परदेशी भावाने परत माझ्या दारात आला. वडिलांनी उलटा प्रवास तरी फुकट केला होता.

उरण

अलिबागकर काका, सगळ्या शिव्या कंपनीला देऊ नका, थोड्या सरकारसाठी राखून ठेवा. मी न्हावा-शेव्याला क्लिअरिंगच्या कामात आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० केलं. खोक्यावर '१४ वर्षांवरील' असं ठळक छापलेलं असू दे, कस्टमच्या ९५०३ या शीर्षकात बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि लहान प्रमाणातली मॉडेलं एकाच पंगतीला बसतात. त्यावर जीएसटी, दुकानदाराचं मार्जिन, कुरिअर. जपानमधला भाव बघून इथल्या दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करावी. मी स्वतः केली आणि १/३२ चा नाद सोडला.

सावंतवाडी

माझो बापूस चितारआळीत लाकडाची फळां रंगयता. टेबलावर १/४८ चा नवा डबा बघून त्यांनी विचारलं, "ह्या कितक्याक?" मी निम्मी किंमत सांगितली. तरी ते खुर्चीत बसले.

"आणि ह्या जोडूचा कोणी?"

"मीच."

"रंग?"

"तो वेगळो घेवचो लागता."

"म्हणजे तेंका पैशे दिवन काम पण तूच करतलंस?"

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. आमच्याकडचा केळ्याचा फणा कोरून, रंगवून, लाखेची चकाकी चढवून मिळतो, तरी पर्यटक म्हणतो पन्नास कमी करा. त्याच्यावर ना कुठलं चित्र, ना 'मर्यादित आवृत्ती'. खरं तर आमच्याकडची प्रत्येक वस्तू मर्यादितच असते, एका हाताला दिवसात होऊन होऊन किती होणार!

पण त्याच बापाने रात्री दिव्याखाली बसून माझ्या कॉकपिटचं पॅनल रंगवलं. गंजिफावर हात बसलेला माणूस, टोकाला दोन-चार केस असलेल्या कुंचल्याने घड्याळाचे काटे काढले. कंपनीचं डिकल मी वापरलंच नाही. सकाळी म्हणाले, "किट बरां असा." किंमत अजून विसरलेले नाहीत.

चिपळूण

लिहू की नको असं चाललं होतं.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यावर छातीच्या वर चढलं. आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे, आणि माझी ३० किट खाली पलंगाखालच्या कप्प्यात. चिखल उपसताना ती हाताला लागली तेव्हा एकही खोकं उरलेलं नव्हतं, नुसता लगदा. ज्यांच्यासाठी मी जास्त पैसे मोजले होते ती सगळी चित्रं, सोनेरी पट्टी, अनुक्रमांक छापलेलं प्रमाणपत्र, एका डब्यातलं छोटं पोस्टरसुद्धा, गाळात. डिकल विरघळून एकमेकांना चिकटलेले. पितळेचे पत्रे वाकले होते.

स्प्रू, म्हणजे भाग लागलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमी, मात्र जशेच्या तशे. पॉलिस्टायरीनला पुराचं काय? अंगणात बादलीत डेटॉल टाकून जुन्या टूथब्रशने एकेक फ्रेम घासली आणि आंबे वाळवायच्या जाळीवर पसरली. तेव्हा पहिल्यांदा सगळी किट खोक्याशिवाय शेजारी शेजारी बघितली. सगळ्यात महाग घेतलेल्या किटचे भाग वरच्या मजल्यावरच्या पोराने 'हे कुठलं साधं' म्हणून बाजूला टाकले. टामिया या जपानी कंपनीचं किट, स्वस्तात सेलमध्ये मिळालेलं, त्याचे भाग नुसते हातात धरले तरी बसत होते. सांध्याला पुट्टी लागणारच नाही हे ग्लू न लावता कळत होतं.

कृतिपत्रिका नेटवरून छापून घेतल्या. डिकल नव्याने मागवायला गेलो तर कागदाचा भाव किटच्या मूळ किमतीएवढा, म्हणून काही विमानांवरची चिन्हं स्टेन्सिल कापून रंगाने मारली. विम्याच्या माणसाला 'प्लास्टिकची विमानं' हा रकाना कुठे टाकायचा ते समजेना. मी सोडून दिलं, फ्रिज आणि दुचाकी जास्त महत्त्वाची होती.

एक शंका, खेडच्या टूलरूमवाल्यांना. विंगनट विंग्ज ही किट कंपनी २०२० मध्ये बंद पडली आणि त्यांची पहिल्या महायुद्धातली १/३२ विमानं लोकांनी वाटेल त्या चढ्या भावाने विकायला काढली. माझ्याकडे एक होतं, त्याचंही खोकं गेलं. नुसत्या स्प्रूला आता कोणी निम्मेही देईना. प्लास्टिक तेच, साचा तोच. मग तो भाव कशाचा होता?

खेड

चिपळूणकर, याला टूलरूममध्ये उत्तर नाही. साच्याची किंमत मी सांगू शकतो, खोक्याची नाही.

वास्को

मूळचा वेंगुर्ल्याचा, नोकरीची बरीच वर्षं दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर, जमिनीवरच्या तांत्रिक विभागात. सी हॅरियर १९८३ ते २०१६ इथे होती, त्यातली बरीच वर्षं मी तिच्या खाली वाकून काढली. तेव्हा रत्नागिरीकरांसाठी दोन गोष्टी.

पहिली, क्षेपणास्त्रं. आपली एफआरएस ५१ (सी हॅरियरची भारतीय आवृत्ती) फ्रेंच मात्रा मॅजिक लावायची, ब्रिटिशांची सायडवाइंडर. खोक्यावर वाघाचं तोंड छापायला पैसे लागत नाहीत, पण मॅजिकसाठी वेगळे भाग ओतावे लागतात. म्हणून जाहिरातीतला रंग बघू नका, स्प्रूचा फोटो मागा आणि क्षेपणास्त्रांचे पंख बघा. एका कंपनीचं 'भारतीय' किट मी हौसेने घेतलं, आत नुसती सायडवाइंडर. मुलगा म्हणाला, बाबा कोणाला कळणारे? मला कळतं ना! शेवटी मिराज २००० च्या किटमधली मॅजिक काढून लावली. ती पुढच्या पिढीची आहे, पण निदान घराणं तेच.

दुसरं, रंग. आपली विमानं आली तेव्हा वरून गडद करडी, खालून पांढरी होती, पुढे फिकट करडी झाली. डिकल कुठल्या काळाचे आणि रंगाचा तक्ता कुठल्या काळाचा, हे जुळतंय का बघा. मोजायला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात या, सी हॅरियर उभी आहे, पट्टी लावून घ्या. तिकीट किटपेक्षा नक्की स्वस्त.

रत्नागिरी (धागा काढणारा)

वास्कोकर, दुकानदाराला काल स्प्रूचा फोटो मागितला. म्हणाला कंपनीने अजून पाठवला नाही, पण नोंदणी आज रद्द केली तर आगाऊ रक्कम परत नाही. म्हणजे आता वाट बघणं आलं. आत सायडवाइंडर निघाली तर मॅजिक मिळतील का?

वास्को

१/४८ ची एक जोडी उरलीय, पाकिटात घालून पाठवतो. पण गणपतीनंतरच काढा रंगकामाला. पावसाळ्यात लॅकर मारलात तर हवेतल्या दमटपणाने वर पांढरी साय धरते, आणि रंगफवाऱ्याच्या कॉम्प्रेसरला पाणी अडवायला जो ट्रॅप असतो त्यातून रंगाऐवजी पाणी येतं. डिकलचा कागद तोवर तांदळाच्या डब्यात ठेवा.