पाचुंद्याची मोजणी 'पंचमान' म्हणायची का?

अंबाजोगाई : आमच्याकडे कडबा अजून पाचुंद्यावर मोजतात. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, वीस पाचुंदे झाले की शेकडा. लेकीच्या अभ्यासात 'द्विमान पद्धती' (दोन-दोनाचे गट करत फक्त 0 आणि 1 नं संख्या लिहायची रीत) आली, तेव्हा तिनं विचारलं, मग पाचुंद्याला 'पंचमान' म्हणायचं का? आणि अशी लिहिलेली संख्या सम की विषम, हे कसं ओळखायचं?

लातूर : 'पंचमान' हा शब्द दशमान, द्विमान यांच्याच वळणाचा, रचनेनं बरोबर. पण पाचुंद्याला तो पुरता लागू होत नाही. खऱ्या पंचमानात पाच पाचुंद्यांचा पुन्हा एक गठ्ठा व्हायला हवा, 25 पेंढ्यांचा. तशा पाच गठ्ठ्यांचा 125 चा. आपण एकदा पाचाचा गट करतो आणि पुढं थेट शेकड्यावर जातो. म्हणून पाचुंदा हा नुसता गट. संख्यापद्धतीच्या 5 ला 'पाया' म्हणावं. घातांकातही हाच शब्द आहे आणि इथंही तो चपखल बसतो, कारण स्थानांच्या किमती 1, 5, 25, 125 या पाचाच्याच घातांच्या आहेत.

नांदेड : गंजीवरच्या 37 पेंढ्या घ्या. सात पाचुंदे, दोन सुट्या. सातांतल्या पाच पाचुंद्यांचा एक गठ्ठा, उरले दोन पाचुंदे. म्हणजे 122. हे वाचताना मात्र 'एकशे बावीस' म्हणू नका हो. 'एकशे'मध्ये शंभर आलेच, आणि इथं शंभर कुठंच नाहीत. 'एक दोन दोन, पाया पाच' असंच म्हणावं.

आता सम-विषम. शेवटी 2 आहे म्हणून लेकरं चटकन 'सम' म्हणतील, पण 37 तर विषम. शेवटच्या अंकावरून ओळखायची खूण पाया सम असेल तरच चालते. पाया 5 असला की पाचुंदाही विषम, पंचविसाचा गठ्ठाही विषम. त्यामुळं सगळ्या अंकांची बेरीज पाहावी लागते. 1+2+2=5, विषम. बारा पेंढ्या 22 अशा लिहिल्या जातात, बेरीज 4, सम. हीच बेरीज चारनं भाग जातो का, तेही सांगते. पाचुंद्यातून चार पेंढ्या काढल्या तर एक उरते, पंचविसातून चार-चार काढत गेलं तरी एकच उरते. दशमानात नऊची कसोटी चालते ती याच कारणानं.

परभणी : इथं 'अंक' आणि 'संख्या' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, फार घोटाळा होतो. 37 मूळ संख्या आहे, हा संख्येचा गुण. कुठल्याही पायात लिहा, तो जात नाही. बेरीज 5 येते, हा त्या पायातल्या अंकांचा गुण. देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या हर्षद संख्या पाहा. अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला भाग जातो ती हर्षद. 21 ची बेरीज 3, भाग जातो, म्हणून हर्षद. तेच 21 पाया 5 मध्ये 41, बेरीज 5, आणि 21 ला पाचनं भाग जात नाही. तिथं ती हर्षद राहिली नाही. 1, 2, 4 आणि 6 या चारच संख्या प्रत्येक पायात हर्षद राहतात. 12 फक्त पाया 8 मध्ये अडते : तिथं ती 14, बेरीज 5.

लातूर : म्हणून 'हर्षद संख्या' म्हणताना पायाही सांगावा. काही सांगितलं नसेल तर दहा धरायचा. आणि वहीत 122 लिहिलं की उजवीकडं खाली बारीक 5 लिहायची सवय लेकीला आत्ताच लावा.