डिस्कच्या ऑपरेशननंतर पाऊल लुळं पडलं: गुंतागुंत की निष्काळजीपणा?

रेवा_क: रुग्णाचं वय ४६, एल४-एल५ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली) डिस्केक्टॉमी, म्हणजे नस दाबणारा चकतीचा भाग काढायचं ऑपरेशन, खाजगी रुग्णालय. भूल उतरल्यावर दोन्ही पावलं हलत होती. रात्री कंबर प्रचंड दुखायला लागली आणि सकाळपर्यंत उजवं पाऊल वर उचलेना. सर्जन म्हणतात, नस सुजलीय, धीर धरा. तीन आठवडे झाले. संमतीपत्रात 'नसेला इजा' छापलेलं आहे, खाली सहीही आहे. मग तक्रारीला जागाच उरत नाही का?

कणा_आणि_नस: कायद्याआधी पाय बघा. लघवी अडकत असेल किंवा बसायची जागा बधिर वाटत असेल, तर हे वाचत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.

तसं नसेल तर मुद्दा वेळेचा आहे. शुद्धीवर येतानाच पाऊल लुळं असेल, तर ऑपरेशनमध्ये एल५ नस (पाऊल वर उचलायला लागणारी) ताणली गेली असण्याची शक्यता जास्त. हे उत्तम हातांतही होतं. इथे आधी ताकद होती आणि नंतर वेदना वाढत ती गेली. अशा वेळी पहिला संशय रक्ताच्या गाठीचा (एपिड्युरल हिमॅटोमा) घ्यायचा असतो. तातडीने एमआरआय करायचा, आणि गाठ नस दाबत असेल तर काही तासांत ती काढायची. एमआरआय कधी झाला? स्क्रू घातलेत का? स्क्रू नसेवर आला असेल तर तो सीटीत नीट दिसतो.

ईएमजी-एनसीव्ही (नस आणि स्नायूंची विद्युत तपासणी) आता करून घ्या, पहिल्या दोन आठवड्यांत तो फसवा येऊ शकतो. पावलाला एएफओ स्प्लिंट (घोटा-पाऊल काटकोनात धरणारा आधार) हवाच, नाहीतर टाच आखडते.

रेवा_क: स्क्रू नाहीत. एमआरआय चौथ्या दिवशी झाला.

दावा_दुरुस्ती: मग तुमची केस असेल तर ती त्या चार दिवसांत आहे. सहीची काळजी सोडा. संमती धोक्याला असते, हलगर्जीपणाला नाही. गाठ होणं ही गुंतागुंत. ताकद जाताना दिसूनही कुणी हललं नाही, तर तो निष्काळजीपणा ठरू शकतो. पण एमआरआयमध्ये गाठ दिसलीच नसेल, तर हा मुद्दा बराच लंगडा पडतो, हेही आत्ताच लक्षात घ्या.

आज लेखी अर्ज देऊन पूर्ण केसपेपर मागा आणि पोच घ्या. २००२च्या वैद्यक परिषद नियमांनुसार ७२ तासांत प्रत मिळायला हवी. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. ऑपरेशन नोट, सी-आर्मचे फोटो (ऑपरेशन चालू असताना काढलेले एक्स-रे; चुकीच्या मणक्यावर काम झालं का ते यातून कळतं), एमआरआयची सीडी, आणि सर्वांत मोलाचा नर्सिंग चार्ट. 'रा. २.१०, रुग्ण पाय हलवत नाही, डॉक्टरांना कळवलं' अशी एक ओळ आणि पुढची नोंद थेट राउंडची, एवढ्यावरही केस उभी राहते. मग ही फाइल दुसऱ्या शहरातल्या स्पाइन सर्जनला दाखवून लेखी मत घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये (किशन राव प्रकरण) प्रत्येक केसला तज्ज्ञमत लागत नाही असं म्हटलंय खरं, पण नसेच्या केसमध्ये त्यावर विसंबू नका.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात. मुदत दोन वर्षं. कुठल्या आयोगात जायचं याचं मोजमाप भरपाईच्या मागणीचं नसून रुग्णालयाला दिलेल्या मोबदल्याचं, तो ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हाच. बिल विम्यातून भरलं तरी रुग्ण ग्राहकच.

कणा_आणि_नस: फिजिओला दर भेटीत ताकदीचा आकडा (० म्हणजे हालचाल नाही, ५ म्हणजे पूर्ण ताकद) तारखेसह लिहायला सांगा. उपचारालाही लागतो, आयोगातही.

नोंदवही: सगळ्यांनाच मोफत उपचार देणारं सरकारी रुग्णालय असेल तर ग्राहक आयोग चालत नाही, दिवाणी दावा करावा लागतो. राज्य वैद्यक परिषद नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देत नाही. आणि पोलिसांत जायची घाई नको: सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) फौजदारीला ढोबळ निष्काळजीपणा दाखवावा लागतो, तोही दुसऱ्या डॉक्टरच्या मतासह.