फर्स्ट लॉचा तिसरा भाग परत वाचला आणि लोगन मनातून उतरला (स्पॉयलर आहेत)

खाडीपल्याड:
ज्यांनी जो अ‍ॅबरक्रॉम्बीची फर्स्ट लॉ ही फँटसी ट्रिलजी वाचली नाहीये त्यांनी प्लीज इथूनच मागे फिरा, मी शेवटापर्यंतचं सगळं लिहिणार आहे.

कॉलेजात असताना माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून तिन्ही भाग एकदम उचलले होते, आणि तिसरा, लास्ट आर्ग्युमेंट ऑफ किंग्ज, दोन रात्रीत संपवला होता. तेव्हा लोगन, त्यातला उत्तरेकडचा लढवय्या, म्हणजे माझा जीव की प्राण. शेवटी त्याच्याच टोळीतला ब्लॅक डाव आणि बाकीचे त्याच्यावर उलटतात, तो खिडकीतून खाली नदीत उडी टाकतो, ते वाचून मी अक्षरशः रडलो होतो, एवढा झटला बिचारा आणि आपल्याच माणसांनी घात केला म्हणून.

आता इतक्या वर्षांनी जूनमध्ये परत काढला. डोंबिवलीहून जाता-येता, त्यात पावसाने गाड्या रखडलेल्या, त्यामुळे वाचायला भरपूर वेळ मिळाला. आणि डोंगरातल्या लढाईपाशी मी थांबलो तो थांबलोच. ब्लडी नाइन, म्हणजे लढताना त्याचा ताबा घेणारं त्याचं खुनशी रूप, अंगात आल्यावर तो आपल्याच बाजूने लढणाऱ्या क्रमॉकच्या लहान पोराला मारतो, मग टोळीतल्या जुन्या दोस्ताला, टूल डुरूला मारतो, स्वतःच्या टूलला! आणि नंतर मित्रांना काही सांगत नाही. पहिल्या वेळी हे माझ्या डोक्यातून कसं निसटलं मला कळत नाहीये. पुढे उत्तरेचा राजा बेथॉड, ज्याच्यासाठी लोगन एकेकाळी लढायचा आणि जो आता शत्रू आहे, मरायच्या आधी त्याला तोंडावर सांगतो की मला शांतता करायची होती, रक्ताची चटक तुला होती. तेव्हा मी म्हटलं होतं, व्हिलन आहे, बोलणारच. यावेळी पटलं. कारण दोन भागभर बेथॉड कसा आहे हे आपल्याला सांगतंय कोण, तर लोगन आणि त्याच्याच जुन्या टोळीतली माणसं.

तर प्रश्न असा की लेखकाने आपल्याला फसवलं का आपणच फसून घेतलं? दुसऱ्यांदा वाचताना तुमचंही असं झालं का?

रात्रपाळी:
मला नाही पटत रे. मी स्टीव्हन पेसीच्या आवाजात ऑडिओबुक ऐकलंय, दोनदा, नाइट शिफ्टला जाताना. ब्लडी नाइन आला की तो आवाज असा काही थंड होतो की लोगन आणि तो दोन वेगळे आहेत असंच वाटतं, अंगावर काटा येतो. आणि दुसऱ्या भागात बघ ना, फेरोसारख्या कोणाच्याच जवळ न जाणाऱ्या बाईशी तो हळूहळू जुळवून घेतो, जेझलसारख्या शेखी मिरवणाऱ्या पोराला धीर देतो, चार समजुतीच्या गोष्टी सांगतो. ते काय नाटक होतं? माणूस खरंच बदलू बघत होता. पण उत्तरेत परत पाऊल टाकलं की तिथली प्रत्येक जुनी ओळख त्याला मागे खेचते, ज्याच्या त्याच्याशी काहीतरी हिशोब बाकी आहेच. सुटणार कसा तो? तू आता त्याला जेवढा दोष देतोयस तेवढा तेव्हा दिला नव्हतास कारण तेव्हा तू त्याच्या आत बसून वाचत होतास, आणि मला तीच जागा बरोबर वाटते.

आजीची गोधडी:
दोघांचं वाचलं आणि मला एकदम कर्ण आठवला. आपण मराठी घरांतली मुलं कर्णावर जीव टाकतच मोठी होतो, सूतपुत्र म्हणून हिणवला गेला, कवचकुंडलं दिली, रथाचं चाक रुतलं, सगळं तोंडपाठ. पण द्यूतसभेत पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा कर्णच होता ना. मी शाळेत असताना ते वाचलेलं असूनही आठवायचं नाही. आईने इरावतीबाईंचं युगान्त हातात दिलं तेव्हा पहिल्यांदा महाभारतातली माणसं कोरड्या नजरेने बघता येतात हे कळलं, आणि खरं सांगते, राग आला होता मला बाईंचा.

म्हणून खाडीपल्याड, फसवणूक वगैरे काही नाही. सगळं पानावर उघड लिहिलेलं असतं. ज्याच्यावर जीव जडला त्याच्या बाबतीत आपण ती पानं भराभर उलटतो.

एक फरक मात्र मला फार जाणवतो. महाभारतात युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व आहे, गांधारी रणभूमीवर फिरते, एकेका देहापाशी थांबून रडते, मेलेल्यांसाठी कोणीतरी थांबतं. इथे बियाज हा जादूगार आग्रिओंटमध्ये, राजधानीच्या किल्ल्यात, ते बीज नावाचं जादूचं हत्यार वापरतो, शत्रू मरतो, पण स्वतःच्या शहरातली माणसंही मरतात, वाचलेली आजारी पडतात, आणि त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही. सैन्यातला अधिकारी वेस्ट त्या आजारात कसा झिजत जातो ते परत वाचायची माझी हिंमत होत नाहीये.

तीन सत्तावीसची स्लो:
लोगनवर एवढं बोलताय पण मला दुसऱ्या वाचनात हादरवलं ते व्हॅलिंट अँड बाल्क या बँकेने. मी लोनच्या कामात आहे, म्हणून असेल. वेढा पडलेल्या दागोस्का शहरात चौकशी खात्याच्या ग्लोक्ताला तिच्याकडून दहा लाख मार्क्स मिळतात, तेव्हाच मनात यायला हवं होतं की एवढा पैसा बुडणाऱ्या शहरावर कोण लावतं? ज्याला शहर नको, माणूस हवाय तो. तिसऱ्या भागात कळतं की बँक बियाजचीच. राजा झालेला जेझल बियाजनेच उभा केलेला, ग्लोक्ता त्याच्या मुठीत, आणि जेझलने एकदा मान वर करायचा प्रयत्न केला तर दोन मिनिटांत त्याला जमिनीवर लोळवलं. पहिल्या भागातली तलवारबाजीची स्पर्धा आठवा, तीसुद्धा जेझलला बियाजनेच जिंकून दिली होती! तोफांवर कोरलेलं चौदाव्या लुईचं लॅटिन वाक्य, त्यावरून नाव आहे पुस्तकाचं, राजांचा शेवटचा युक्तिवाद. पण इथे राजाला कुठे काय बोलायला मिळतं.

खाडीपल्याड:
गोधडीताई, कर्णाचं वाचून मी बराच वेळ गप्प होतो. अगदी हेच झालंय माझं. आणि रात्रपाळी, तुझंही एक मान्य करतो, फेरोबरोबरचा लोगन खोटा नाहीये, म्हणून तर जास्त त्रास होतोय. पूर्ण खोटा असता तर पुस्तक मिटून टाकलं असतं.

काल रात्री परत पहिला भाग उघडला. सुरुवातीच्याच प्रकरणाचं नाव द एंड, लोगन कड्यावरून पडतोय. तिसऱ्यातल्या शेवटच्या प्रकरणाचं नाव द बिगिनिंग, परत पडतोय. पहिल्या वेळी मला वाटलं होतं की वा, काय मस्त जुळवलंय. काल मात्र वाटलं की हा परत जिवंत राहणार, परत कुठेतरी नव्याने सुरू करायला जाणार, आणि तिथल्या लोकांना कोणी सांगणारच नाही की दारात कोण आलंय.

रात्रपाळी:
मग तू रेड कंट्री वाचलेलं नाहीस. २०१२ चं आहे, आधी बेस्ट सर्व्ह्ड कोल्ड आणि द हीरोज वाच मग ते. जास्त काही सांगत नाही, वाचून झालं की याच धाग्यावर ये.